कायद्याची टॅली कोण करणार?

गोदीत एक रीत आहे. जहाजातून माल वर आला की टॅली झाल्याबिगर तो हलत नाही. पेट्या किती, गोणी किती, फुटक्या किती, भिजलेल्या किती, सगळं कागदावर चढतं. मुकादम बोंबलतो, एजंट घाई करतो, तरी टॅली सुटत नाही. उद्या भांडण झालं तर त्याच कागदावर भांडायचं असतं. आता कंटेनर आले, कॉम्प्युटर आले, तरी मोजणी गेली नाही. नंबर, सील आणि वजन बघितल्याबिगर गेट उघडत नाही.

लोखंडाच्या डब्याला एवढी इज्जत. आणि खेड्यातल्या माणसाच्या पोटावर येणारा कायदा दिल्लीहून निघतो, तेव्हा त्याची टॅली कोण करतो? आत काय भरलंय, कुणाच्या अंगावर पडणार, कोण चेपणार, हे कोण मोजतो? दोस्तांनो, मी मॅट्रिक माणूस. कविता लिहितो आणि गोदीत अंगमेहनत करतो. घटनापंडित नाही. पण हा प्रश्न पंडितांवर सोडून आपण लई मार खाल्लाय.

हमरापूरपासून सुरू करू. पेण तालुका, जिल्हा रायगड. पनवेल-रोहा रेल्वेवरचं बारकं स्टेशन. मुंबईच्या पोरांना हे नाव माहीत असलं तर गणपतीमुळं. हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरोघरी मूर्तींचे कारखाने. वर्षभर साचे, माती, प्लास्टर, रंग. बाकी मुलूख खाडीकाठचा. बांध घालून समुद्राकडून हिसकावलेली खारजमीन, बांधाला उघाडी, आत भात. बांधाला खांड पडली, खारं पाणी आत शिरलं, की जमीन पुढची दोन-तीन वर्षं पिकाचं नाव घेत नाही.

ह्या मुलखावर २००५ साली दिल्लीहून एक कायदा येऊन पडला. विशेष आर्थिक क्षेत्र कायदा. सेझ. १० मे २००५ ला लोकसभेत मंजूर, ११ मे ला राज्यसभेत मंजूर, जूनमध्ये राष्ट्रपतींची सही. विधेयक समितीकडं पाठवा, साक्षी घ्या, ज्यांच्या शेतावर हे उभं राहणार त्यांना बोलवा, असलं काही झालं नाही. ह्या कायद्यानं सेझची हद्द जकातीच्या हिशेबात देशाबाहेरची ठरते. म्हणजे कुंपणाच्या अल्याड भारत आणि पल्याड कागदावरचा परदेश. जमीन घ्यायला गोऱ्या साहेबाचा १८९४ चा भूसंपादन कायदा तयारच होता. पेण, उरण, पनवेल मिळून ४५ गावांतली सुमारे १०,००० हेक्टर जमीन रिलायन्सच्या महामुंबई सेझला द्यायचा बेत ठरला. दारात नोटिसा आल्या तेव्हा गावाला कळलं की आपल्यावर कायदा झालेला आहे.

मग गाव उठलं. एन. डी. पाटलांसारखा म्हातारा वाघ पुढं झाला, उल्का महाजन गावोगाव फिरल्या, आगरी-कुणबी बाया रस्त्यावर बसल्या. शेवटी २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला सार्वमत घ्यावं लागलं. सेझला जमीन द्यायची का नाही, ते शेतकऱ्यानं सांगायचं. पुढं मुदती टळल्या आणि संपादन बारगळलं. खाली गोव्यात तर लोकांनी असा दणका दिला की सरकारनं २००७ च्या अखेरीलाच सेझ रद्द करायचं जाहीर केलं.

आता हिशेब घाला. कायदा करायला दोन दिवस. तो आपल्या शेतापुरता थांबवायला गावाची काही वर्षं, बुडालेली मजुरी, अंगावरच्या केसेस. जी मोजणी संसदेनं पगार घेऊन करायची, ती उन्हात बसून बाईमाणसानं फुकट केली. ह्याला लोकशाही म्हणायचं तर म्हणा. मी ह्याला वेठबिगार म्हणतो.

संसदेला मोजणी करता येत नाही असं कुणी म्हणेल तर ते खोटं. त्याच संसदेनं, त्याच वर्षी, दुसरा कायदा केला. रोजगार हमीचा. आपल्या महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी मांडलेली योजना, १९७२ च्या दुष्काळात वाढलेली, १९७७ च्या कायद्यात बसवलेली. तिचंच बीज दिल्लीत गेलं. विधेयक डिसेंबर २००४ मध्ये मांडलं, ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडं गेलं, चर्चा झाली, बाहेर कामगार-शेतमजूर संघटनांनी रान उठवलं, आणि ऑगस्ट २००५ मध्ये ते मंजूर झालं. मधल्या आठ महिन्यांत काय फरक पडला? मूळ विधेयकात काम फक्त गरीब ठरवलेल्या कुटुंबाला होतं. म्हणजे आधी तलाठ्याच्या, सरपंचाच्या यादीत नाव लागायला पाहिजे. आपल्या वाडीचं नाव त्या यादीत कसं लागतं आणि कसं गळतं, हे मी सांगायला नको. मंजूर झालेल्या कायद्यात ग्रामीण भागातल्या कुठल्याही कुटुंबाला काम मागायचा हक्क आला. एका शब्दाचा फरक. त्या एका शब्दावर कितीतरी चुली पेटल्या.

दुसरं उदाहरण. वनहक्काचं विधेयक १३ डिसेंबर २००५ ला मांडलं. मसुद्यात अट होती की २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून जंगलजमीन कसत असाल तरच हक्क. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं. समितीनं तारीख पुढं सरकवायला सांगितलं. डिसेंबर २००६ मध्ये कायदा झाला तेव्हा तारीख होती १३ डिसेंबर २००५. पंचवीस वर्षांचा फरक. रायगडच्या डोंगरात कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत, त्यांच्यासाठी ती पंचवीस वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी. बाप १९८० नंतर तिथं आला म्हणून पोरगा चोर ठरणार होता. एका तारखेनं तो दावेदार झाला. पुढं अंमलबजावणीत किती दावे फेटाळले ते वेगळं रडगाणं आहे. पण भांडायला कागद मिळाला.

म्हणून मी म्हणतो, समितीचं काम हे बाबूलोकांचं चहापान नाही. १९९३ पासून संसदेत खात्यावार स्थायी समित्या आहेत. आज त्या २४ आहेत. एकेका समितीत ३१ जण, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. तिथं टीव्हीचा कॅमेरा नसतो, त्यामुळं पक्षाचा खासदारही कधीमधी खरं बोलतो. बाहेरचा माणूस तिथं साक्ष देऊ शकतो, लेखी म्हणणं पाठवू शकतो. पी.आर.एस. ही संस्था ह्याचा हिशेब ठेवते. चौदाव्या लोकसभेच्या काळात ६० टक्के विधेयकं समितीकडं गेली. पंधराव्यात ७१ टक्के. सोळाव्यात ते प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास घसरलं. २०१९ ते २०२४ च्या सतराव्या लोकसभेत ते १६ टक्क्यांवर आलं. शंभरातली चौऱ्याऐंशी बिनटॅलीची सुटली.

त्यात काय काय सुटलं बघा. तीन शेती कायदे. जून २०२० मध्ये वटहुकूम, सप्टेंबरात लोकसभा, २० सप्टेंबरला राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदान. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसला. मग २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागं घेतले, तेही दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेबिगर. करताना बोलू दिलं नाही, मोडतानाही बोलू दिलं नाही. त्याच सप्टेंबर २०२० मध्ये कामगारांच्या तीन संहिता. आधीचे मसुदे समितीकडं जाऊन आले होते, पण १९ तारखेला नवी विधेयकं मांडली आणि २३ पर्यंत दोन्हीकडं मंजूर. विरोधी बाकं रिकामी होती. आम्हा गोदीवाल्यांच्या सुरक्षेचा १९८६ चा वेगळा कायदा त्यातल्याच एका संहितेत विरघळला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या संहिता लागू झाल्या. माझ्या पाळीतल्या कुणाला विचारा, आपला कायदा कधी गेला. कुणाला पत्ता नाही.

आणि डिसेंबर २०२५. रोजगार हमीचा तोच कायदा, आठ महिने घासून केलेला, वीस वर्षं चाललेला, त्याच्या जागी नवं विधेयक आलं. १६ तारखेला मांडलं, १८ ला लोकसभेत मंजूर, त्याच रात्री राज्यसभेत. समितीकडं पाठवा म्हणून ओरडणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. दिवस १०० चे १२५ केले, हे सांगतात. पण बहुतेक राज्यांनी खर्चातला ४० टक्के वाटा उचलायचा आहे, शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत काम बंद ठेवता येणार आहे, हे हळू आवाजात सांगतात. हंगामात काम बंद म्हणजे काय? म्हणजे ज्या दिवसांत मजूर बाई शेतमालकाला म्हणू शकत होती की तुझी मजुरी परवडत नाही, मी सरकारी कामावर जाते, नेमक्या त्या दिवसांत तिचा दरवाजा बंद. हे कलम कुणाच्या फायद्याचं, हे समितीसमोर एका शेतमजूर बाईनं पाच मिनिटांत सांगितलं असतं. म्हणूनच बहुतेक तिला बोलावलं नसावं.

आता आपल्या घरातलं बोलू. २००८ च्या त्या सार्वमताचा मला अभिमान आहे. पण मत कुणाला होतं? जमीन ज्याची जाणार त्याला. सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. बौद्धवाडीतल्या भूमिहीनाला, त्याच शेतात लावणी-कापणी करणाऱ्या कातकऱ्याला, खाडीत खेकडे धरणाऱ्या बाईला कुणी चिठ्ठी दिली नाही. जमीन गेली असती तर शेतकऱ्याला निदान मोबदला. ह्यांना काय? ह्यांची मजुरी गेली असती, पाणी गेलं असतं, आणि हिशेबात त्यांचं नावही नसतं. ही गोष्ट मी आंदोलनाला हिणवायला सांगत नाही. आगरी-कुणबी शेतकरी लढला म्हणून आपणही वाचलो. पण वाचणं वेगळं आणि मोजलं जाणं वेगळं.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानं ही चूक थोडी सुधारली. तेही विधेयक २०११ मध्ये मांडलं होतं, स्थायी समितीत गेलं, दोन वर्षं घासलं. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू आहे. त्यात बाधित कुटुंब म्हणजे नुसता जमीनमालक नाही. तीन वर्षांपासून त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूर, कूळ, कारागीर हेही बाधित. आणि संपादनाआधी सामाजिक परिणामांची पाहणी सक्तीची. मग काय झालं? कायदा पुरता एक वर्षाचाही झाला नव्हता, तोच ३१ डिसेंबर २०१४ ला वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना त्या पाहणीतून सूट. देशभर बोंब झाली, २०१५ च्या ऑगस्टअखेर वटहुकूम मेला. पण मागच्या दारानं राज्यं आली. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून ठरावीक प्रकल्पांना पाहणीतून सोडवायची सोय करून घेतली. दिल्लीत बंद झालेलं दार मुंबईत उघडलं. विधानभवन आपल्या चाळीपासून किती लांब आहे? आपल्यातल्या कितीजणांना हे तेव्हा कळलं?

हमरापूरच्या मूर्तींचंही तेच. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी आली. मग ती पुढं ढकलली, मग कोर्ट, मग जून २०२५ मध्ये हायकोर्टानं मूर्ती घडवायला मोकळीक दिली आणि नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाला चाप लावला. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला आहे. गणपतीला हात जोडत नाही. पण त्याला रंग देणाऱ्या हाताची मजुरी हा माझा प्रश्न आहे. माझ्या आईनं मूर्तींना पॉलिश पेपर मारून मारून बोटांचे ठसे घालवले. नदी-समुद्राचं विष थांबलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नियम करताना कारखानदार बोलला, पर्यावरणवाला बोलला, मंडळवाला बोलला. पॉलिश पेपर मारणारी बाई कुठल्या सुनावणीत होती?

लहान वस्तीचा प्रश्न असा असतो. तिची संख्या मतपेटीत ऐकू येत नाही. बेटांकडं बघा म्हणजे हे लख्ख दिसेल. आमच्या समोरच्या खाडीत शेवा नावाचं बेट होतं. आज जग त्याला न्हावा-शेवा बंदर म्हणून ओळखतं. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. त्याआधी शेवा कोळीवाड्यातली २५६ कुटुंबं उचलून उरणला नेऊन बसवली. समुद्रावर जगणारा कोळी कमी जागेत कोंबला आणि घरांना वाळवी लागली. पुढच्या पिढीला पुनर्वसनाचं पुनर्वसन मागत समुद्रात बोटी घालायची धमकी द्यावी लागली. देशाच्या व्यापाराच्या पुढं २५६ कुटुंबं म्हणजे किती? लोकसभेच्या मतदारसंघात टाका, ताकात मीठसुद्धा नाही.

घारापुरी घ्या. मोरबंदर, राजबंदर, शेतबंदर, तीन गावं, वस्ती हजार-बाराशेच्या आसपास. गेटवेवरून दिसणारं बेट. परदेशी पाहुणे लेणी बघून दुपारी परत जातात. त्या बेटावर समुद्राखालच्या केबलनं कायमची वीज फेब्रुवारी २०१८ मध्ये पोचली. मुंबईच्या झगमगाटाच्या समोर, स्वातंत्र्याला सत्तर वर्षं उलटल्यावर. आणि २०१० मध्ये संरक्षित स्मारकांच्या कायद्याला दुरुस्ती झाली. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरात नवं बांधकाम बंद, त्यापुढं २०० मीटर परवानगीबिगर नाही. दिल्ली-आग्र्याच्या गर्दीत हा नियम शहाणपणाचा असेल. पण चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर माणूस १०० मीटर मागं कुठं सरकणार? पोराचं लग्न झालं तर खोली कुठं काढणार? लेणी जपायची, जपलीच पाहिजेत. पण लेण्यांच्या शेजारी जगणारी माणसं टिकायची का नाही, हा प्रश्न कायदा करताना कुणाच्या कागदावर होता?

लक्षद्वीपची गत आणखी वाईट. दहा बेटांवर वस्ती, २०११ च्या जनगणनेत ६४ हजारांवर माणसं, खासदार एक, विधानसभा नाही. घटनेच्या २४० व्या कलमानं तिथले नियम राष्ट्रपतींच्या नावानं निघतात आणि त्यांना संसदेच्या कायद्याचं बळ असतं. २०२१ मध्ये, करोनाच्या दिवसांत, जमीन-विकासाचे, पंचायतीचे, जनावरांचे एकापाठोपाठ मसुदे काढले तेव्हा बेटं पेटून उठली. आणि २०२५ च्या जुलैत बित्रा नावाचं सगळ्यात कमी वस्तीचं बेट संरक्षणाच्या कामासाठी ताब्यात घ्यायचा प्रस्ताव निघाला. २०११ मध्ये तिथं २७१ माणसं होती. तिथं काय आडवं आलं? २०१३ च्या कायद्यातली तीच सामाजिक परिणामांची पाहणी. समितीत घासलेल्या एका कलमाला २७१ माणसांनी लोंबकळून धरलं. म्हणून म्हणतो, कलमं म्हणजे कोरडी अक्षरं नव्हेत. बुडत्याला तो दोर असतो.

जगात दुसरं काही होऊ शकतं का? होतं. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावरची शेवटची ३६ माणसं १९३० मध्ये बोटीत घालून कायमची उठवली. आजारपण, उपासमार, तरुण निघून गेलेले. त्या देशानं ही गोष्ट विसरली नाही. २०१८ मध्ये त्यांच्या संसदेनं बेटांसाठी कायदा केला. नवं धोरण, नवा कायदा करताना त्याचा बेटावरच्या माणसावर मुख्य भूमीपेक्षा वेगळा परिणाम होणार असेल, तर आधी तो तपासायचा आणि कागदावर मांडायचा, हे बंधन घातलं. तिथं वस्तीची ९३ बेटं. तिथं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. बोटी तिथंही बंद पडतात, पोरं तिथंही शहराला पळतात. पण कायदा करणाऱ्याला आधी विचारायला लावलं, एवढं तरी केलं.

मला सांगा, गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे बेट नाही तर काय? चारी बाजूंनी दुसऱ्याची जमीन. पाणवठा दुसऱ्याचा, रस्ता दुसऱ्याच्या बांधावरून, मतं निवडून यायला अपुरी. गावासाठी केलेला कायदा गावात पोचतो तो पाटलाच्या वाड्यावर. आपल्या वस्तीपर्यंत येतो तो त्याचा मार.

आता शहरातले दोस्त मला विचारतील, बाबासाहेबांनीच ना घटना समितीत गावाची सालटी काढली? गाव म्हणजे अज्ञानाचं आणि कोतेपणाचं डबकं, असंच ना त्यांचं मत? मग आपण गावाच्या कायद्यांची उठाठेव कशाला करायची? शहरात आलो, सुटलो.

सुटलो कुठं? आई गावाला, भाऊ गावाला, रेशन कार्ड गावाला. गोदीत काम बंद पडलं की मीच गावाला. आणि बाबासाहेबांनी गाव नाकारलं ते गावच्या गुलामीसकट. म्हणून तर त्यांनी आयुष्यभर गावच्या कायद्यांशी झुंज घेतली. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक त्यांनीच आणलं. १७ सप्टेंबर १९३७ ला कोकणातली खोती मोडायचं विधेयक त्यांनीच मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणचे हजारो शेतकरी घेऊन मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा त्यांनीच नेला. त्याच काळात इथं शेजारी, अलिबागच्या चरीत, नारायण नागू पाटलांच्या मागं शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन पडीक ठेवून संप केला. हा आपल्या मातीचा इतिहास आहे.

दुसरा दोस्त जास्त हुशार. तो म्हणेल, समित्यांचं कौतुक कशाला? महार वतनाचं विधेयक समितीकडंच गेलं होतं ना? तिथं त्याचं असं वाटोळं केलं की १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते मागं घ्यावं लागलं. खोतीचं विधेयक तर सत्ताधाऱ्यांनी चर्चेलाच येऊ दिलं नाही. खोती कायद्यानं गेली १९४९ मध्ये. हलकी वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यावर.

खरं आहे. समितीत बसणारा माणूस आपल्या शेतातून आणि आपल्या जातीतूनच बघतो. समिती म्हणजे देव नव्हे, आणि देवांवर आपला तसाही भरोसा नाही. पण एक गोष्ट बघा. बाबासाहेब समित्यांपुढं जायचे थांबले नाहीत. १९१९ ला साउथबरो कमिटीपुढं साक्ष दिली. १९२८ ला सायमन कमिशनपुढं साक्ष दिली, सगळा देश काळे झेंडे दाखवत असताना. का? समोरचा गोरा साहेब दयाळू होता म्हणून? नाही. आपलं म्हणणं नोंदीत चढलं पाहिजे म्हणून. नोंदीत नसलेल्या माणसाला कुणीही म्हणतं की तो नव्हताच. साक्ष देणं ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे. मोर्चा आणि साक्ष, दोन्ही हात चालले पाहिजेत. आपण मोर्चाचा हात ठेवला, साक्षीचा हात खिशात घातला.

आणि व्यवस्थेला नेमकं तेच हवं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रानं ठरवलं की कुठल्याही विधेयकाचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढं ठेवायचा. धोरण आहे, बंधन नाही, म्हणून वाटेल तेव्हा गुंडाळून ठेवतात. ठेवलाच मसुदा तर भाषा कुठली? २०२० मध्ये प्रकल्पांच्या पर्यावरण परवानगीच्या नव्या नियमांचा मसुदा निघाला तो इंग्रजी-हिंदीत. ज्या खाडीवर, ज्या डोंगरावर प्रकल्प येणार, तिथल्या माणसाच्या भाषेत नाही. दिल्ली हायकोर्टाला ३० जून २०२० ला सांगावं लागलं की आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा. पेशव्यांच्या काळी आपल्या कानावर अक्षर पडू देत नव्हते. आता कानावर पडतं, पण कळणार नाही अशा बोलीत.

म्हणून मागण्या साध्या आहेत. जमीन, मजुरी, किनारा, जंगल यांना हात लावणारं एकही विधेयक समितीबिगर पुढं जाता कामा नये, दिल्लीतही नाही आणि मुंबईतही नाही. मसुदा मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि बौद्धवाडीच्या, आदिवासी वाडीच्या समाजमंदिरातही. समितीनं जिल्ह्यात यायचं, पेणला यायचं, उरणला यायचं, दिल्लीत बसून गाव बघायचं नाही. सामाजिक पाहणीत पहिलं नाव भूमिहीनाचं, मग सातबारावाल्याचं. आणि बेटावरच्या, खाडीतल्या, डोंगरातल्या लहान वस्तीवर कायद्याचा वेगळा परिणाम काय होईल, हे वेगळ्या पानावर, विधेयकाला जोडून.

हे कुणी ताटात वाढून देणार नाही. त्यामुळं काम आपल्याकडं येतं. आपल्यात आता वकील आहेत, बी.ए., एम.ए. झालेले आहेत, मोबाईलवर दिवसभर रील बघणारे आहेत. संसदेची विधेयकं त्याच मोबाईलवर उघडतात. दर अधिवेशनाला एका वस्तीनं एक विधेयक घ्यावं. एकानं वाचावं, एकानं मराठीत सांगावं, म्हाताऱ्यांनी आणि बायांनी आपलं काय होईल ते बोलावं, एकानं ते लिहून काढावं आणि हरकत म्हणून धाडावं. हरकत. हा शब्द पाठ करा. सरकारी कागदावर 'हरकती व सूचना' लिहिलेलं असतं. सूचना शहाण्यांनी द्याव्यात. आपण हरकत द्यावी. शंभर वस्त्यांची शंभर पत्रं गेली तर निदान त्यांना आवक नोंदवहीत शंभर ओळी लिहाव्या लागतील. हमरापूरच्या पॉलिशवालीचं नाव त्यात असेल, घारापुरीच्या बोटवाल्याचं असेल, उठवलेल्या कोळीवाड्याचं असेल.

त्यांनी ऐकलं नाही तर रस्ता आहेच, तो आपण चवदार तळ्यापासून ओळखतो. पण उद्या कुणी म्हटलं की कायदा करताना कुणाची तक्रारच नव्हती, तर तारीख टाकलेला कागद त्याच्या तोंडावर मारता आला पाहिजे.

पुढचं अधिवेशन लांब नाही. वह्या काढा.

जय भीम.